बेटावर कांदा चिरताना

सालमियाहून बोट सुटली की फैलाका फार लांब नाही.
युद्धात गोळ्यांनी चाळण झालेली घरं,
कुलूप लावायलाही कुणी न उरलेली एक बँक,
उंट,
आणि वाळू खरवडणारे सात ग्रीक.
मी त्यांचा खानसामा, निजाम बुरोंडकर.
हिवाळा संपेपर्यंत माझी चूल इथे.

देस्पिना मॅडम त्यांची मुख्य.
दुपारी तंबूत येते, तेलाचा डबा उलटा घालून बसते.
मी कांदा चिरतो, ती बोलते.
तिचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं,
म्हणून आमचं बरं जमतं.

म्हणाली, तेवीसशे वर्षांपूर्वी आमचे शिपाई इथे आले,
आणि घराकडच्या एका बेटाचं नाव
या बेटाला देऊन मोकळे झाले.
मी हसलो. स्टोव्हमागच्या कोपऱ्याला
मी हर्णै म्हणतो, ते तिला सांगितलं नाही.

त्याच सुमारास तिकडे अथेन्सात एक माणूस
गावाबाहेरच्या बागेत राहायचा.
तब्येत तोळामासा. पाणी, भाकरी,
सणासुदीला चिजाचा तुकडा.
त्याचं म्हणणं, पोट दुखू नये, मनाला घोर नसावा,
आणि ताटावर एकटं बसायची पाळी येऊ नये,
सुख म्हणून याहून मोठं काही नाही.

मी विचारलं, बागेचा खर्च कोण करायचं?
मॅडम गप्प. मग म्हणाली,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मी खर्च करतो. एकोणीस वर्षं.
बुरोंडीत घर उभं आहे, वरचा मजला अर्धा.
संगमरवर बसवलाय, त्यावर रुकय्या एकटी चालते.
आणि फरवानियाच्या खोलीतला दिगंबर कुबल,
मालवणचा, खालच्या खाटेवरचा,
दर वर्षी म्हणायचा, अजून दोनच वर्षं.
त्याची नवी बॅग आम्ही खाटेखालून काढली
तेव्हा हँडलवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस काढला तिने,
गुलाम होता म्हणे, पायाने अधू.
जे आपल्या हातात आहे तेवढंच आपलं, तो शिकवायचा,
बाकीच्यासाठी झुरू नये.
मी म्हटलं, मॅडम, माझा पासपोर्ट कफीलच्या कपाटात आहे.
ती म्हणाली, त्याच्याकडेही नव्हता, निजाम.
मी हाताकडे बघितलं.
सुरी होती. अर्धा कांदा होता.
एवढ्यावर माणसाने कसं भागवावं,
ते तिलाही सांगता येईना.
डोळे दोघांचेही चुरचुरत होते,
कांदाच जहाल निघाला.

मग गुरुवारी चूल सापडली.
किल्ल्याच्या भिंतीला लागून, काळी राख, तीन दगड,
आणि काटे.
काटे अथेन्सला पाठवायचे, तिथला जाणकार महिन्याने कळवणार.
मी पातेलं घासत होतो, सहज वाकलो.
हमूर, मी म्हटलं. आमच्याकडचा गोब्रा.
जबडा बघा. सात-आठ किलोचा असणार.
मुंडकं टाकलेलं नाही, म्हणजे कालवण केलेलं.
आणि हे एकट्याचं जेवण नाही, मॅडम,
एवढा मासा कुणी एकट्यासाठी चुलीवर चढवत नाही.

सगळे वहीत लिहायला लागले.
माझं बोलणं वहीत जाताना
मी पहिल्यांदाच बघत होतो.

त्या रात्री आमटी-भात, तळलेली झुबैदी,
वाढून झाल्यावर मी रोजच्यासारखा मागे सरलो.
माझं ताट नंतर, उभ्याने, स्टोव्हजवळ.
देस्पिना काही बोलली नाही,
नुसती बाकावर थोडी सरकली.

मी बसलो. बाक डुगडुगत होतं.
कुणीतरी भाताचं पातेलं माझ्याकडे ढकललं.
समुद्राकडून गार वारा आला, तंबू फडफडला,
आणि फोन वाजला.
रुकय्या. सिमेंट पुन्हा महागलंय, गवंडी थांबलाय,
पैसे कधी धाडताय?
धाडतो गं, मी म्हटलं.
जरा थांब.
जेवतोय.